सोळा वर्षांचा नियम : मेनुदोतला मुलगा ते रिकी मार्टिन

१/२४
सोळावे वर्ष उलटले की मुलाने मंच सोडायचा आणि त्याच्या जागी नवा मुलगा उभा करायचा. संगीताच्या व्यवसायात हा नियम ठरवून चालवणारा एक गट होता. त्याचे नाव मेनुदो, स्थळ पोर्तो रिको, स्थापनेचे वर्ष १९७७. या गटात बाराव्या वर्षी दाखल झालेला आणि सतराव्या वर्षी बाहेर पडलेला एक मुलगा १९९९ साली जगातील सर्वांत परिचित गायकांमध्ये गणला जाऊ लागला. तो म्हणजे रिकी मार्टिन. त्याचा उदय बहुधा एका रात्रीत घडलेला चमत्कार म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात त्या रात्रीमागे पंधरा वर्षे होती, आणि त्या वर्षांची किंमत पुढे आणखी अकरा वर्षे चुकवावी लागली. #धागा #इतिहास

२/२४
प्रथम भूमीविषयी. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील स्पॅनिशभाषक बेट. चार शतके ते स्पेनच्या ताब्यात होते. १८९८च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि पॅरिसच्या तहाने बेट अमेरिकेकडे गेले. १९१७च्या कायद्याने तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तथापि बेटावर राहणाऱ्या नागरिकाला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. कागदोपत्री अमेरिकन, भाषेने व संगीताने लॅटिन अमेरिकन, आणि राजकीय अधिकारात अर्धवट, अशी ही स्थिती आहे. पुढील सर्व घटना याच पार्श्वभूमीवर वाचाव्या लागतात.

३/२४
मेनुदोची कल्पना एडगार्दो दियास या निर्मात्याची. आरंभीचे पाच सदस्य दोन कुटुंबांतले होते : तीन मेलेंदेस बंधू आणि दोन सालाबेरी बंधू. ‘मेनुदो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ लहानसा, बारीक. किशोरवयीन मुलांचे गायनगट त्यापूर्वीही होऊन गेले होते. अमेरिकेत जॅक्सन बंधूंचा गट होता, दूरचित्रवाणीसाठी मुद्दाम जुळवलेला ‘मंकीज’ होता. पण हे गट माणसांचे होते. सदस्य मोठे होत, त्यांच्याबरोबर गट मोठा होई आणि यथावकाश विसर्जित होई. दियासने या क्रमातून वयच वगळून टाकले.

४/२४
या नियमामागील व्यापारी तर्क सरळ होता. अशा गटांचा मुख्य श्रोतृवर्ग म्हणजे दहा ते पंधरा वर्षांच्या मुली. त्या मोठ्या होतात आणि त्यांची आवड बदलते, परंतु दर वर्षी त्या वयात नव्या मुली येतच असतात. गटातील मुलेही सदैव त्याच वयाची ठेवली, तर बाजार कधीच आटत नाही. म्हणून मुलाचा आवाज फुटला, मिसरूड आले, उंची वाढली की त्याचा निरोप जवळ येई. लोकांना ओळखीचे राहायचे ते गटाचे नाव आणि मंचावरील पाच जागा. त्या जागांवर उभे राहणारे चेहरे बदलते होते. दोन दशकांत तीसहून अधिक मुले या जागांवर येऊन गेली.

५/२४
योजना यशस्वी झाली. पोर्तो रिकोहून व्हेनेझुएला, मेक्सिको, अर्जेंटिना असा गटाचा विस्तार झाला. १९८४ साली न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलबाहेर मुलींची प्रचंड गर्दी उसळली. तेथे स्थलांतरित झालेल्या पोर्तो रिकन कुटुंबांतील मुलींना आपल्या भाषेत गाणारी मुले प्रथमच एवढ्या मोठ्या मंचावर दिसत होती. स्पॅनिशबरोबर पोर्तुगीज आणि इंग्रजी गाणीही ध्वनिमुद्रित होऊ लागली. पुढे न्यू किड्स ऑन द ब्लॉक, बॅकस्ट्रीट बॉइज अशा गटांनी जो साचा जगभर नेला, त्यातील बरेचसे भाग या बेटावर आधीच पारखून झाले होते.

६/२४
एन्रिके मार्तिन मोरालेस याचा जन्म २४ डिसेंबर १९७१चा, सान हुआन शहरातला. वडील मानसशास्त्रज्ञ, आई हिशेबनीस. मुलगा दोन वर्षांचा असताना आईवडील विभक्त झाले. लहानपणीच तो दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत दिसू लागला होता. मेनुदोसाठी त्याने चाचणी दिली तेव्हा तो फार बुटका आहे म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. दुसऱ्यांदाही तेच झाले. तिसऱ्या खेपेस, १९८४च्या उन्हाळ्यात, त्याची निवड झाली. ज्याच्या जागी तो आला तो संस्थापक सदस्यांपैकी उरलेला शेवटचा मुलगा, रिकी मेलेंदेस. एक रिकी गेला, दुसरा रिकी आला. नावाचा हा योगायोग गटाच्या तत्त्वाला साजेसाच होता.

७/२४
पहिला कार्यक्रम सान हुआनच्या लुईस फेरे कला केंद्रात झाला. नव्या मुलाने ठरलेल्या क्षणी एका जागी स्थिर राहायचे होते. तो मंचभर वावरू लागला. कार्यक्रमानंतर व्यवस्थापकाने त्याची कानउघाडणी केली. पाचही मुलांची पावले एकाच मापाने पडली पाहिजेत, एकाचे अंग वेगळे हलले तर चित्र बिघडते, हा धडा त्याला पहिल्याच दिवशी मिळाला. प्रसंग छोटा आहे, पण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पंधरा वर्षांनी हाच मुलगा मंचावरील हालचालीसाठी जगभर ओळखला जाणार होता.

८/२४
पुढील पाच वर्षे तालीम, विमानप्रवास, ध्वनिमुद्रण, मुलाखती आणि पुन्हा तालीम अशी गेली. वर्षातील बहुतेक काळ घरापासून दूर जाई. विभक्त झालेल्या आईवडिलांमधील तणाव मुलाच्या प्रसिद्धीने वाढला. वडिलांनी त्याला दोघांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. त्याने आईकडे राहायचे ठरवले आणि वडिलांशी असलेला संबंध अनेक वर्षे तुटला. मंचावर हसतमुख राहणे हा कामाचा भाग होता. घरी काय चालले आहे हे चेहऱ्यावर दिसू न देणे हेही त्याच वयात अंगवळणी पडले. ही सवय पुढे दीर्घकाळ टिकली.

९/२४
त्याच १९८४ साली गटात आणखी एक मुलगा दाखल झाला होता : रॉबी रोसा. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, पोर्तो रिकोत वाढलेला. रॉबीला स्वतःची गाणी लिहायची होती. मेनुदोत गीते आणि चाली वरून येत. मुलांनी त्या शिकायच्या आणि म्हणायच्या. १९८७ साली रॉबी गट सोडून निघून गेला आणि ब्राझीलमध्ये जाऊन गाऊ लागला. तो नियमाने बाहेर पडला नाही, असमाधानाने पडला. रिकी मार्टिनच्या स्वतंत्र कारकिर्दीचा इतिहास या दुसऱ्या मुलाला वगळून लिहिता येत नाही, ते पुढे दिसेल.

१०/२४
१९८९ साली, सतराव्या वर्षी, मार्टिनने मेनुदोचा निरोप घेतला. शेवटचा कार्यक्रम पहिला जेथे झाला त्याच कला केंद्रात झाला. बाहेर पडताना त्याच्यापाशी काय होते? शिस्त होती, कॅमेऱ्यापुढे वावरण्याचा सराव होता, अनेक देशांत पाहिलेला चेहरा होता. स्वतःचे म्हणावे असे एकही गाणे नव्हते. ज्या नावामुळे लोक ओळखत ते नाव गटाचे होते आणि ते मागेच राहिले. मेनुदोतून बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला विस्मृती आली. सतराव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाने पुढे काय करावे, याचा विचार त्या व्यवस्थेत कोणी केलेला नव्हता.

११/२४
काही महिने न्यूयॉर्कमध्ये काढून तो मेक्सिकोला गेला. मेक्सिको सिटी ही तेव्हा स्पॅनिश भाषेतील मनोरंजनाची राजधानी होती. तिथे प्रथम नाटक आणि नंतर ‘आल्कान्सार उना एस्त्रेया’ या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेचा दुसरा भाग मिळाला. मालिकेत त्याची भूमिका एका गायकाची, तीही एका काल्पनिक गटातल्या गायकाची. त्या गटाचे नाव होते ‘मुन्येकोस दे पापेल’, म्हणजे कागदी बाहुले. गटातून सुटलेला मुलगा गटातील मुलाचीच भूमिका करू लागला होता. तरी या मालिकेने त्याला मेक्सिकोत स्वतःच्या चेहऱ्याची ओळख मिळवून दिली. १९९१ साली त्याच्या नावाचा पहिला स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला.

१२/२४
१९९३ साली दुसरा संग्रह आला. दोन्हींतील सूर मुख्यतः हळव्या प्रेमगीतांचा होता. लॅटिन बाजारात देखण्या तरुण गायकाकडून हेच अपेक्षित असे. १९९४ साली त्याने ‘जनरल हॉस्पिटल’ या अमेरिकन मालिकेत मिगेल या पोर्तो रिकन गायकाची भूमिका स्वीकारली. १९९६च्या उन्हाळ्यात ब्रॉडवेवर ‘ले मिझराब्ल’मध्ये तो मारियुस झाला. इंग्रजी प्रेक्षक त्याला नट म्हणून ओळखत होता, स्पॅनिश श्रोता गायक म्हणून. हे दोन्ही लोक एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांना एकत्र आणणारे गाणे तोवर लिहून झाले होते आणि ते दुसऱ्याच खंडातून फिरत अमेरिकेकडे येणार होते.

१३/२४
ते गाणे ‘मारिया’. १९९५च्या ‘आ मेदिओ विविर’ या तिसऱ्या संग्रहातले. त्याच्या कर्त्यांमध्ये आणि निर्मात्यांमध्ये इयन ब्लेक असे एक नाव आहे. हे टोपणनाव रॉबी रोसाचे. मेनुदोत ज्याला स्वतःची गाणी म्हणू दिली नाहीत तो आता मेनुदोतल्याच दुसऱ्या मुलासाठी गाणी लिहीत होता. प्रेमगीतांच्या गायकाने ढोलांच्या ठेक्यावर नाचावे, ही कल्पना कंपनीतील काहींना आत्मघातकी वाटली. मार्टिनने पुढे मुलाखतींमध्ये सांगितले आहे की, हे गाणे ऐकून एका अधिकाऱ्याने त्याची कारकीर्द संपल्याचेच जाहीर केले होते.

१४/२४
घडले उलटे. पाब्लो फ्लोरेस यांनी नव्याने बांधलेल्या नृत्यावृत्तीने ‘मारिया’ला वेग दिला. स्पेननंतर १९९७ साली फ्रान्समध्ये ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले, १९९८ साली ऑस्ट्रेलियात. केबल वाहिन्यांच्या त्या काळात भारतातही ते घरोघर वाजले. स्पॅनिशचा एक शब्द न कळणारी मुले ‘उन, दोस, त्रेस’ म्हणत नाचू लागली. अमेरिकेच्या मुख्य यादीत मात्र ते तळाशीच राहिले. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकन नागरिक असलेल्या या गायकाला जगाने आधी स्वीकारले. त्याच्या स्वतःच्या देशाच्या बाजारपेठेला जाग आली ती सर्वांत शेवटी.

१५/२४
‘मारिया’च्या यशामुळे १९९८च्या फ्रान्समधील फुटबॉल विश्वचषकाच्या गाण्यासाठी त्याची निवड झाली. ‘ला कोपा दे ला विदा’च्या कर्त्यांमध्येही रॉबी रोसा होता, आणि त्याच्याबरोबर डेस्मंड चाइल्ड हा अमेरिकेतील अनुभवी गीतकार. १२ जुलै १९९८ रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर अंतिम सामन्याच्या दिवशी मार्टिनने ते सादर केले. विश्वचषकाचा अंतिम सामना पाहणाऱ्या जगापुढे उभे राहण्याची ही संधी होती. अमेरिकेत फुटबॉलचे वेड तुलनेने कमी. त्यामुळे तेथील सामान्य श्रोत्याला हा गायक तेव्हाही पुरता ठाऊक झाला नव्हता.

१६/२४
२४ फेब्रुवारी १९९९. लॉस एंजेलिसमधील श्राइन सभागृह, ग्रॅमी पुरस्कारांचा समारंभ. मार्टिनने विश्वचषकाचे गाणे स्पॅनिश आणि इंग्रजी अशा मिश्रणात सादर केले. सोबत ढोलवादकांची व नर्तकांची रांग होती. काही मिनिटांत सभागृह उभे राहिले. लॅटिन पॉप विभागातील पुरस्कारही त्या रात्री त्याला मिळाला, पण बोलबाला झाला तो सादरीकरणाचा. १९८४ साली ज्या मुलाला जागेवरून हलल्याबद्दल बोलणी बसली होती त्याला आता त्याच हालचालीने अमेरिकेत नाव मिळवून दिले. एका रात्रीतले यश म्हणतात ते हे. त्यामागची पंधरा वर्षे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत होती.

१७/२४
पुढच्याच महिन्यात ‘लिव्हिन ला विदा लोका’ आले. कर्ते पुन्हा रॉबी रोसा आणि डेस्मंड चाइल्ड. मायामीत झालेल्या या ध्वनिमुद्रणाला तांत्रिक इतिहासातही स्थान आहे. फितीचा वापर न करता संपूर्णपणे प्रो टूल्स या संगणकीय प्रणालीत मुद्रित व संपादित होऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ते पहिले गाणे मानले जाते. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. मे महिन्यात प्रसिद्ध झालेला पहिला इंग्रजी संग्रह पहिल्याच आठवड्यात ६ लाख ६१ हजार प्रतींच्या विक्रीसह पहिल्या क्रमांकावर दाखल झाला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २४ मे १९९९च्या मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र छापले.

१८/२४
अमेरिकन वृत्तपत्रांनी या लाटेला ‘लॅटिन विस्फोट’ म्हटले, कोणी ‘आक्रमण’ म्हटले. शब्दांची ही निवड बोलकी आहे. जेनिफर लोपेझ आणि मार्क अँथनी दोघेही न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. मार्टिन ज्या बेटावर जन्मला त्याचे रहिवासी १९१७पासून नागरिक. आपल्याच नागरिकांच्या गाण्याला परकीय आक्रमण समजणे हे १८९८पासून चालत आलेल्या अंतराचे लक्षण होते. १९ एप्रिल १९९९ रोजी, म्हणजे हे गाणे शिखराकडे जात असतानाच, पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर अमेरिकी नौदलाच्या सरावातील बाँब भरकटून एक स्थानिक सुरक्षारक्षक ठार झाला. त्यातून उभे राहिलेले आंदोलन २००३ साली नौदलाचा सराव बंद होईपर्यंत चालले. तेथील लोकांचे नागरिकत्व दोन तऱ्हांचे होते : नाचताना दिसणारे आणि मरताना न दिसणारे.

१९/२४
हा ताण मार्टिन आणि रोसा यांच्यातही उतरला. जानेवारी २००१मध्ये जॉर्ज बुश यांच्या शपथविधीनिमित्तच्या समारंभात मार्टिनने ‘ला कोपा दे ला विदा’ सादर केले आणि नव्या राष्ट्राध्यक्षांना मंचावर आपल्यासोबत नाचायला लावले. रोसाने त्याचा जाहीर निषेध केला. त्याच्या मते हा कार्यक्रम एका पक्षाच्या बाजूने उभे राहण्यासारखा होता आणि तो पक्ष पोर्तो रिकोच्या हिताचा नव्हता. एकाच मंचावर घडलेल्या दोन मुलांची ही भागीदारी तेथे खंडित झाली. ज्या सुरांवर एकाने जग जिंकले, ते सूर कोणासमोर वाजावेत यावर दुसऱ्याचा अधिकार उरला नव्हता.

२०/२४
याच काळात एक मौन अधिकाधिक जड होत गेले. मार्च २००० मध्ये ख्यातनाम मुलाखतकार बार्बरा वॉल्टर्स यांनी दूरचित्रवाणीवर त्याला त्याच्या लैंगिकतेविषयी थेट विचारले आणि अफवांवर पडदा टाकण्याचा आग्रह धरला. त्याने उत्तर टाळले. आपण तसे विचारायला नको होते, असे वॉल्टर्स यांनी दहा वर्षांनी कबूल केले. त्या वेळी समलिंगी संबंध पोर्तो रिकोच्या दंडसंहितेनुसार गुन्हा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००३च्या निकालापर्यंत ही स्थिती कायम होती. भोवताली कायदा, धर्म, बाजार आणि लाखो चाहत्या मुली. खासगी आयुष्य चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, हे तर त्याला बाराव्या वर्षापासूनच शिकवले गेले होते.

२१/२४
मेनुदोची दुसरी बाजूही हळूहळू उजेडात आली. १९९१पासून गटातील मुलांच्या वागणुकीविषयी तक्रारी होऊ लागल्या. पुढे अनेक माजी सदस्यांनी अतिश्रम, दुर्लक्ष आणि शोषण यांविषयी जाहीरपणे सांगितले. मार्टिनने स्वतः गटाविषयी कृतज्ञता व्यक्त केली आहे आणि त्याच वेळी आपले बालपण तेथे हरवले असेही म्हटले आहे. २००२ साली तो कोलकात्यात गेला. रस्त्यावरील मुली कोणत्या धोक्यात जगतात हे त्याने तेथे पाहिले. मुलांच्या तस्करीविरुद्धचे आपले काम त्या प्रवासातून सुरू झाले, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. बालपण गमावलेल्या माणसाने या कामाकडे वळावे, यात अनपेक्षित असे काही नाही.

२२/२४
२९ मार्च २०१० रोजी मार्टिनने आपल्या संकेतस्थळावर स्पॅनिश आणि इंग्रजीत एक निवेदन प्रसिद्ध केले आणि आपण समलिंगी असल्याचे सांगितले. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता, दोन जुळ्या मुलांचा पिता होता. आपली मुले खोटेपणात वाढू नयेत ही भावना त्यामागे होती. हे बोलल्यास सारे उभारलेले कोसळेल असा सल्ला त्याला वर्षानुवर्षे मिळत आला होता. ते कोसळले नाही. ‘मारिया’ने कारकीर्द संपेल असे १९९५ साली सांगितले गेले होते. बाजाराला काय सहन होईल याविषयीचे बाजारातील जाणत्यांचे भाकीत दुसऱ्यांदा चुकले.

२३/२४
२०१७ साली पोर्तो रिकोवर वादळ आदळले. त्याचे नाव, योगायोगाने, मारिया. सरकारने पुढे स्वीकारलेल्या अंदाजानुसार २,९७५ जणांचा मृत्यू झाला. जुलै २०१९मध्ये गव्हर्नर रिकार्दो रोस्सेयो आणि त्यांचे सहकारी यांच्यातील खासगी संवादाची ८८९ पाने शोधपत्रकारांनी प्रसिद्ध केली. त्यात वादळातील मृतांवर विनोद होते, स्त्रियांविषयी अपशब्द होते, आणि मार्टिनच्या समलिंगी असण्याची टिंगलही होती. लाखो लोक रस्त्यावर आले. मार्टिन इंद्रधनुषी ध्वज घेऊन त्यांच्यात होता, सोबत रेसिदेन्ते आणि बॅड बनी ही नव्या पिढीची नावे. २४ जुलैच्या रात्री गव्हर्नरने राजीनामा जाहीर केला. १९९९ साली ज्या गोष्टीवर मौन बाळगावे लागले, तीच वीस वर्षांनी एका जनआंदोलनात उघडपणे मिरवली गेली.

२४/२४
गटातून बाहेर पडलेला गायक ‘स्वतंत्र’ केव्हा होतो? कराराच्या हिशेबाने मार्टिन १९८९ साली झाला, विक्रीच्या हिशेबाने १९९९ साली. मात्र १९९९चा तारा मेनुदोच्या शिस्तीवर, मेनुदोतल्याच दुसऱ्या मुलाच्या गाण्यांवर आणि मेनुदोत शिकलेल्या मौनावर उभा होता. सोळा वर्षांच्या नियमाने मुलाला एवढेच शिकवले होते की, जागा टिकते, माणूस बदलता येतो. त्या जागेवरून तीसहून अधिक मुले गेली आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे आज शोधून काढावी लागतात. २०१९ साली सान हुआनच्या रस्त्यावर सत्तेचाळीस वर्षांचा एक माणूस आपल्या खऱ्या नावागावासह उभा होता. त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करण्याची सोय आता कोणापाशीही नव्हती. #धागासमाप्त